चित्रफितीच्या तीन प्रती

कोणतीही नवी विद्या आपल्या देशात अवतरली, की प्रथम तिच्या नावाने एक वही घालावी, त्या वहीला क्रमांक द्यावा, त्या क्रमांकाची नोंद दुसऱ्या वहीत करावी, आणि एवढे यथासांग पार पडल्यावर मग ती विद्या कोणाला येते याची चौकशी सुरू करावी, असा आपल्या कचेऱ्यांचा पूर्वापार शिरस्ता आहे. टंकयंत्र, दूरध्वनी, चक्रमुद्रण अशा एकामागून एक आलेल्या पाहुण्यांना ज्याने बिनतक्रार पचवले, त्या शिरस्त्याला संगणक गिळणे जड जाईल असे ज्यांना वाटत होते, त्यांनी आमच्या महाविद्यालयाचे दफ्तर पाहिले नव्हते, एवढेच म्हणता येईल.

कर्नाटकाने नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण 2021 साली, इतर राज्ये अद्याप मसलतीत गढलेली असता, पदवीच्या वर्गांना लागू केले, आणि त्याबरोबर ‘डिजिटल फ्लुएन्सी’ नावाचा एक विषय विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला, ज्यात कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सायबर-सुरक्षेपर्यंत यच्चयावत आधुनिक शास्त्रांचा परिचय करून देण्याची तजवीज होती. पुढे 2024 साली राज्याने ते धोरण गुंडाळून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली; तथापि 2023 साली प्रवेश घेऊन बसलेल्या आमच्यासारख्यांना त्या विषयाचे मुखदर्शन व्हायचे ते होऊन चुकले होते.

मला या विषयाची धास्ती मुळीच नव्हती. हुबळी आणि धारवाड या दोन शहरांची 1962 साली एकच महापालिका झाली, त्या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावर, तलावाच्या काठी आमचे उणकल वसलेले आहे. तेथील आमचे घर मराठी, गल्ली कानडी आणि भांडणे दोन्ही भाषांत. अशा त्या घरात संगणकशास्त्राचा एकमेव अधिकारी पुरुष म्हणून माझी सर्वानुमते नेमणूक झालेली होती. आत्याच्या मोबाईलची घंटी बदलून तेथे आरती बसवणे, आणि अण्णांचा मोबाईल एकाएकी प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचू लागला असता त्याचे तोंड बंद करणे, या दोन पराक्रमांवर ती कीर्ती उभी होती. पैकी दुसऱ्या प्रकरणात मी केवळ मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला होता. पण वैद्याने मात्रेतील द्रव्ये सांगू नयेत, हे तत्त्व मला त्या वयातही ठाऊक होते.

वर्ग सुरू झाल्याची वर्दी सूचनाफलकावर लागली. ती हाताने लिहिलेली होती, आणि वेळेच्या आकड्यावर महाविद्यालयाचा गोल शिक्का इतक्या निष्ठेने उमटवला होता, की पहिल्या तासाला निम्मे विद्यार्थी दहाला आणि निम्मे साडेबाराला हजर झाले. विषय शिकवण्याची जबाबदारी राज्यशास्त्राच्या सरांकडे आली होती, कारण त्या वर्षी त्यांच्या तासांची बेरीज नियमाला कमी पडत होती. सर अत्यंत सज्जन. त्यांनी संविधानाच्या तिन्ही सूच्या तोंडपाठ केल्या होत्या, आणि संगणकही त्याच मार्गाने वश होईल अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

संगणककक्षाची किल्ली शिपायाकडे असे. शिपाई चहाला गेलेला असे. तो परत येई तेव्हा वीज गेलेली असे. आणि वीज येई तेव्हा तास बरखास्त झालेला असे. या चतुष्टयाचा योग जुळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सरांनी फळ्यावरच संगणक काढला. खडूची एक मोठी चौकट, तिच्या माथ्यावर ‘फाईल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ अशी नावांची रांग, खाली एक बाण, आणि उजव्या कोपऱ्यात फुलीचे चिन्ह. आम्ही सर्वांनी ती चौकट पट्टीने आखून वहीत उतरवली. एका जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारले, “सर, ही खिडकी बंद कशी करायची?” सरांनी फुलीवर बोट ठेवले, ‘क्लिक’ असे तोंडाने म्हटले, आणि डस्टर घेऊन ती सबंध खिडकी पुसून टाकली. मागच्या बाकावरून आर्त स्वर आला, “सर, बंद करू नका, माझे ‘एडिट’ लिहायचे राहिले आहे!”

लेखी परीक्षेत ‘माऊसची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या’ असा प्रश्न येणार, ही बातमी वरच्या वर्गातून फुटली, तेव्हा आम्ही त्या उंदराची शेपटी, पोट आणि दोन्ही कान इतके घोटले की जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आमच्या वह्या नेऊन पाहिल्या. त्याचा जनक डग्लस एंगेलबार्ट, आणि त्याने 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या सभेत माऊस, पडद्यावरील लेखनसंपादन आणि दूरस्थ सहकाऱ्याशी चित्रासह संभाषण असे अनेक चमत्कार 90 मिनिटांत प्रत्यक्ष करून दाखवले, हे आम्हांला तारखेसह मुखोद्गत झाले. त्या गृहस्थाने 90 मिनिटांत जे केले ते आम्ही सबंध सत्रभर वाचले, आणि त्यातले काहीही करून पाहण्याची पाळी स्वतःवर येऊ दिली नाही.

परंतु सत्राच्या अखेरीस आकाश कोसळले. प्रात्यक्षिकाचे गुण द्यायचे तर काही प्रात्यक्षिक असावे लागते, हे कोणाच्या तरी ध्यानात आले, आणि हुकूम निघाला की प्रत्येक विद्यार्थ्याने ‘आपल्या परिसरातील वारसास्थळ’ या विषयावर चित्र, ध्वनी, लेखन आणि चलच्चित्र यांचा संगम असलेली तीन मिनिटांची ‘बहुमाध्यमी रचना’ मुदतीत सादर करावी. मी सरांना विचारले, “सर, नमुन्यादाखल एखादी दाखवाल का?” सर क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि मग गंभीरपणे म्हणाले, “नमुना दाखवला की तुमची स्वतंत्र प्रतिभा मारली जाते.” माझ्या प्रतिभेची इतकी काळजी त्यापूर्वी कोणीही वाहिली नव्हती.

वारसास्थळाचा प्रश्न मला पडण्याचे कारण नव्हते. उणकलचे चंद्रमौळेश्वराचे मंदिर आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. चालुक्यकालीन, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे, आत चतुर्मुख शिवलिंग, आणि त्या चारी मुखांना अनुरूप असे चार दिशांना चार दरवाजे. लोक लांबून येऊन ज्याचे कोरीवकाम न्याहाळतात, त्या मंदिराच्या भिंतीला टेकून मी लहानपणी गोट्या खेळलो होतो, एवढ्या भांडवलावर मी त्या विषयाचा तज्ज्ञ झालो. केवळ मंदिर दाखवायचे, मागे चार विद्वत्तापूर्ण वाक्ये बोलायची, आणि गुण घेऊन मोकळे व्हायचे, असा माझा साधा बेत होता. पण मी तो रात्रीच्या जेवणात बोलून दाखवला, आणि तेथून त्या रचनेची मुखत्यारी माझ्या हातून गेली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या लेखा-खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवून विचारले, “हुबळीचा फलाट दाखवणार नाहीस?”

“अण्णा, विषय वारसास्थळाचा आहे. तो फलाट 2023 सालचा.”

“वारसा काही आभाळातून पडत नाही, कोणीतरी सुरू करावा लागतो. 1507 मीटर! जगात सर्वांत लांब. गोरखपूर 1366 वर राहिले.” गोरखपूरचा उल्लेख करताना अण्णांच्या मुद्रेवर जी दया प्रकट होते, ती त्या शहराच्या रहिवाशांनी पाहिली तर ते गाव सोडतील.

फलाट आत घेताच आत्याने सिद्धारूढ मठाचा हक्क मांडला, कारण स्थानकाला ज्यांचे नाव आहे त्या स्वामींना वगळून स्थानक दाखवणे तिला पाप वाटत होते. मामा संगीताचे भक्त. त्यांनी ‘हुबळीची चित्रफीत आणि तीत गंगूबाई हनगल नाहीत?’ असे म्हणून जेवणाचे ताटच पुढे सारले, आणि कुंदगोळच्या सवाई गंधर्वांसाठीही जागा राखली गेल्याखेरीज ते मागे ओढले नाही. काकांनी धारवाडच्या पेढ्याची बाजू घेतली. उणकल तलावातील विवेकानंदांच्या पुतळ्याचे नाव कोणीच घेतले नव्हते. ते मीच घेतले, कारण एव्हाना मला रचनेपेक्षा न्यायाची अधिक चाड वाटू लागली होती. शेवटी तीन मिनिटांची वाटणी कागदावर झाली, तीवर सर्व हितसंबंधीयांची संमती घेण्यात आली, आणि चंद्रमौळेश्वराच्या वाट्याला बावीस सेकंद आले.

ते बावीस सेकंदही त्या देवाला एकट्याला लाभू नयेत असा योग होता. मंदिराचा पहारेकरी हा अतिशय मनमिळाऊ मनुष्य. मी मोबाईल वर धरताच त्याने टोपी सारखी केली आणि पूर्वद्वारात येऊन उभा राहिला. मी त्याला दुखवू नये म्हणून वळसा घालून दक्षिणेकडे गेलो, तो आतून चालत येऊन दक्षिणद्वारात प्रकटला. चार दरवाजांच्या मंदिराचे स्थापत्य किती सोयीचे असते, हे त्या दिवशी मला जेवढे कळले तेवढे कोणा पुरातत्त्ववेत्त्याला कळले नसेल. मी ज्या ज्या दिशेला गेलो, त्या त्या दिशेला तो माझ्या आधी पोहोचलेला होता. “हे टीव्हीवर येणार का?” त्याने विचारले. “नाही, परीक्षेला येणार,” मी सांगितले. त्यावर तो अधिकच ताठ उभा राहिला.

चलच्चित्र मिळाले, राहिला ध्वनी. दूरदर्शनवरील माहितीपटांत जो घनगंभीर आवाज ऐकू येतो, तो काढण्यासाठी मी खोलीचे दार लावले, डोक्यावरून घोंगडी घेतली, आणि मोबाईल हनुवटीशी धरून आरंभ केला, “चालुक्यकालीन शिल्पकारांच्या अलौकिक प्रतिभेची साक्ष देणारे हे...” त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. मी पुन्हा आरंभ केला. भाजीवाल्याच्या कर्ण्याने कोथिंबिरीचा भाव सांगितला. पुन्हा केला; मोठ्या रस्त्यावरून चिगरी बसने दीर्घ भोंगा दिला. अखेरीस एकदाचा मी प्रतिभेच्या पलीकडे जाऊन “...या पाषाणातून जणू साक्षात” इथवर पोहोचलो, तोच दार उघडून आत्या म्हणाली, “चहा टाकू का?” कोणीतरी मला सांगितले होते, की अमुक एका प्रणालीत ‘नको असलेला आवाज काढून टाका’ अशी कळ असते. ती मी दाबली. यंत्राने दोन्ही बाजूंचा साधकबाधक विचार केला असावा. कारण त्याने माझा आवाज काढून टाकला, आणि कुकर, भाजीवाला, चिगरी व आत्या यांना अत्यंत सुस्पष्ट स्वरूपात जतन केले.

तेव्हा बोलण्याऐवजी पडद्यावर मजकूर दाखवावा असे ठरले. मजकूर अण्णांनी स्वतः कोर्टाजवळच्या एका जुन्या टंकलेखकाकडून टंकून आणला. त्यांच्या मते बाहेरून पैसे देऊन करून घेतलेल्या कामालाच वजन असते. मी ती फाईल उघडली तो डॉलरची चिन्हे, प्रश्नचिन्हे आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरे यांचा एक अफाट जमाव पडद्यावर जमला. प्रकार असा होता, की 1991 साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला तिच्या हक्काच्या 128 जागा मिळाल्या. परंतु त्या गृहस्थाच्या दुकानापर्यंत ती बातमी पोहोचली नव्हती, आणि तो अजूनही आपल्या जुन्या वळणात टंकत होता, ज्यात ‘क’ हे अक्षर वस्तुतः कोणा परकीय चिन्हाच्या अंगावर चढवलेला केवळ पोशाख असते. त्याच्या यंत्रावर पोशाख दिसे, माझ्या यंत्रावर आतला माणूस. अण्णांनी चष्मा पुसून तो मजकूर बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “शुद्धलेखनाच्या चुका आहेत थोड्या.”

सर्व तुकडे एकत्र जोडण्याची आज्ञा दिली, तेव्हा आमच्या वयोवृद्ध संगणकाने ‘चार मिनिटे शिल्लक’ असे घोषित केले, आणि ते वचन तो पहाटेपर्यंत पाळत राहिला. मी उशाशी बसून दादासाहेब फाळक्यांचे स्मरण केले. भांडवलदारांना आपल्या कलेची खात्री पटवण्यासाठी त्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची दररोजची वाढ थोडीथोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट सिद्ध केला. त्यांना निदान वाटाणा उगवतो आहे हे डोळ्यांनी दिसत तरी होते.

रचना सिद्ध झाली. ती विद्यापीठाच्या नव्हे तर आमच्या महाविद्यालयाच्याच संकेतस्थळावर दाखल करायची होती. तेथे प्रवेश मिळवण्यासाठी एक क्रमांक मोबाईलवर येतो, आणि घरातील सर्व मोबाईल अण्णांच्या नावावर असल्याने तो क्रमांक अण्णांकडे येई. त्या वेळी अण्णा तलावाच्या काठाने फेरफटका करीत होते. मी फोन केला.

“अण्णा, तुम्हांला आता एक ओटीपी आला असेल, तो सांगा.”

“ओटीपी कोणालाही सांगू नये.”

“अहो अण्णा, मी तुमचा मुलगा बोलतोय.”

“सगळे हेच म्हणतात. बँकेने स्पष्ट कळवले आहे, कोणालाही म्हणजे कोणालाही.” मी आईचे माहेरचे आडनाव सांगितले, आजोबांच्या निधनाची तिथी सांगितली, त्यांच्या सेवापुस्तकातील एक बढती तीन महिने लांबल्याचा वृत्तान्तही सांगितला, तेव्हा कोठे ते द्रवले, आणि तो सहा अंकी क्रमांक जाहीर लिलावातील बोलीप्रमाणे एकेक अंक दोनदा उच्चारून सांगू लागले. पाचव्या अंकावर मुदत संपली.

यथाकाल दाराच्या आत शिरलो, तेव्हा संकेतस्थळाने नम्रपणे कळवले की पीडीएफ खेरीज अन्य कोणत्याही स्वरूपातील रचना स्वीकारली जाणार नाही. मी कचेरीत गेलो. कारकुनांनी प्रथम “सर्व्हर डाऊन आगेतरी, नाळे बर्री” असे सांगून मला परत पाठवले; दुसऱ्या दिवशी सर्व्हर उभा राहिला होता, त्यामुळे त्यांना माझे म्हणणे ऐकून घेणे भाग पडले.

“पीडीएफ करा आणि तिच्या छापील तीन प्रती आणा,” ते म्हणाले. “एक विभागाला, एक ग्रंथालयाला, एक दफ्तरी.”

“पण सर, ही चित्रफीत आहे.”

“असेना.”

“अहो, ती हलते.”

“मग स्पायरल बाइंडिंग करून आणा, हलणार नाही.” असे म्हणून त्यांनी आवक-वहीत माझे नाव आगाऊ लिहून ठेवले.

महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातील तरुण हा त्या परिसराचा खरा कुलगुरू आहे. प्रवेशाचे अर्ज तो भरतो, शिष्यवृत्तीचे दाखले तो चढवतो, निकाल तो काढून देतो. शेकडो विद्यार्थ्यांचे संकेतशब्द त्याला पाठ आहेत, आणि खुद्द आमच्या विषयाचे गुणतक्ते भरण्यासाठी सरांनाही मी तेथे रांगेत उभे असलेले पाहिले होते. आम्ही एकमेकांकडे पाहून स्मित केले होते, आणि त्या भेटीचा उल्लेख पुढे कधीही केला नाही. त्या तरुणाने माझी अडचण ऐकून घेतली आणि कागदावर हिशेब मांडला: एका सेकंदात 30 चित्रे, 180 सेकंदांची 5400, तीन प्रतींची 16,200, पानाला दोन रुपयांप्रमाणे 32,400.

“काळ्या-पांढऱ्यात,” त्याने खुलासा केला. “रंगीतचे आकडे तुम्हांला सांगत नाही. तुम्ही अजून लहान आहात.”

बऱ्याच घासाघिशीनंतर दर सेकंदाला एकच चित्र छापावे असे ठरले. एका प्रतीची 180 पाने, प्रत्येक पान एकाच बाजूने छापलेले, कारण पाठपोट छापलेले कागद दफ्तरी चालत नाहीत. वर पारदर्शक आवरण, खाली जाड पुठ्ठा, आणि पाठीला काळी नळी. एकूण 540 पाने मी दोन्ही हातांत धरून घरी आणली, तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत प्रथमच माझ्या शिक्षणाविषयी समाधान दिसले. “आता काहीतरी केल्यासारखे वाटते,” ते म्हणाले. मात्र एकदा पाने चाळून पाहताच त्यांचा चेहरा उतरला. “1507 मीटरचा फलाट,” ते खिन्नपणे उद्गारले, “आणि एका अंगठ्यासरशी संपला!”

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते आणि दुपारच्या जेवणामुळे किंचित जड झालेले होते. संगणककक्षाची किल्ली शिपायाकडे असल्याने परीक्षा ग्रंथालयात भरली. परीक्षकांनी माझी प्रत उचलली, आरंभापासून शेवटापर्यंत अंगठ्याने सर्रकन पाने सोडली, आणि एकदम सावरून बसले. कागदावर पहारेकरी जिवंत झाला होता. तो पूर्वद्वारातून आत शिरला, दक्षिणद्वारातून बाहेर आला, पश्चिमेकडून डोकावला आणि उत्तरेला गुप्त झाला. मंदिर ढळले नाही, पण तो मनुष्य विजेच्या वेगाने त्याभोवती फिरत राहिला. परीक्षकांनी पाने उलट सोडली. पहारेकरी पाठमोरा चालत पुन्हा पूर्वद्वारी आला. त्यांनी सरांना बोलावले, सरांनी ग्रंथपालांना बोलावले, ग्रंथपालांनी शिपायाला बोलावले. आणि ज्याच्या शोधात आम्ही सबंध सत्र घालवले तो शिपाई त्या दिवशी हाकेसरशी धावत आला.

बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट नावाच्या मुद्रकाने अशाच अंगठ्याने चालवायच्या चित्रवहीचे एकस्व 1868 साली घेतले होते, म्हणजे विसाव्या शतकातील सर्व शोध ओलांडून, एकविसाव्या शतकातील शिक्षणाच्या आधाराने, मी बरोबर तेथे जाऊन पोहोचलो होतो. सर मात्र अभिमानाने परीक्षकांना सांगत होते, “मुद्दामच नमुना दाखवला नव्हता, सर. स्वतंत्र प्रतिभा.”

परीक्षकांनी लेखणी उघडून शेरा लिहिला: ‘रचना कल्पक. बांधणी उत्तम. ध्वनी अजिबात ऐकू येत नाही.’ मग त्यांना माझी दया आली असावी. “नियमाप्रमाणे ध्वनीला पाच गुण आहेत,” ते म्हणाले. “ध्वनीच नाही, तर गुण कोठून देऊ?”

“तो तोंडाने म्हणून दाखवील,” सर तत्परतेने उद्गारले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून कानात पुटपुटले, “म्हण.”

परीक्षकांनी पाने सोडायला आरंभ केला. मी बाजूला उभा राहून घनगंभीर स्वरात “चालुक्यकालीन शिल्पकारांच्या अलौकिक” इथपर्यंत आलो, आणि पुढचे सर्व विसरलो. कितीतरी रात्री जागून मी ते ऐकले होते खरे. पण जे ऐकले होते ते माझ्या आवाजात नव्हतेच. निरुपायाने मी जे कानांत उरले होते ते सुरू केले. कुकरची शिट्टी दिली; कोथिंबिरीचा भाव पुकारला; चिगरीचा भोंगा दिला; फलाटाच्या पानांवर हुबळी स्थानकातील गाडीची उद्घोषणा तीन भाषांत केली; आणि चंद्रमौळेश्वराचे चतुर्मुख लिंग पानावर आले त्या नेमक्या क्षणी आत्याच्या आवाजात विचारले, “चहा टाकू का?” परीक्षक म्हणाले, “टाका.” शिपाई खरोखरच चहा आणायला गेला, आणि मला ध्वनीचे पाचपैकी पाच गुण मिळाले.

यशाच्या त्या धुंदीत मी कचेरीवरून चाललो असता कारकुनांनी खिडकीतून हाक मारली. ग्रंथालयातला गलका त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, आणि त्यांच्यासमोर आवक-वही उघडी होती.

“आत्ता आत जे तोंडी सादर केलेत,” त्यांनी विचारले, “त्याच्या तीन प्रती कोठे आहेत?”

“सर, ती कुकरची शिट्टी होती.”

त्यांनी वहीत ‘कुकरची शिट्टी’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले, पुढे ‘येणे बाकी’ असा शेरा मारला, आणि मान वर न करता म्हणाले, “एकाच बाजूला छापा.”